घरात कुणी या क्षेत्रातलं नसताना

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. वेबसाइट बनवायचं फ्रीलान्स काम करायचंय, पण घरात कुणी कधी कोड लिहिलेला नाही, मग अडलं तर विचारायचं कुणाला, ही तुझी काळजी रास्त आहे. टिम बर्नर्स-ली यांचे आई-वडील दोघंही फेरांटी मार्क १ या सुरुवातीच्या संगणकावर काम करत होते. १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडणाऱ्या मुलाला घरातून बरंच मिळालं, हे मान्यच करायला हवं. पण ३० एप्रिल १९९३ रोजी त्यांच्या सर्न या संशोधन संस्थेनं वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हापासून ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, की कुणाचं आडनाव.

घरच्यांना एवढं मात्र आधीच सांगून ठेव की पगाराची तारीख नसेल. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू करू नकोस, काय काय करून द्यायचंय ते लेखी ठेव आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कायम क्लायंटच्याच नावावर घे.

आता विचारायचं कुणाला? बी२ हे ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर २००३ च्या सुरुवातीला बेवारस पडलं होतं. ते पुढे न्यायला हवं, असं मॅट मुलनवेग या एकोणीस वर्षांच्या कॉलेजच्या मुलानं जाहीरपणे लिहिलं. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी मदतीची तयारी दाखवली आणि त्यातूनच २७ मे २००३ ला वर्डप्रेसची, आज साइट बनवायला वापरतात त्या सॉफ्टवेअरची, पहिली आवृत्ती आली. अनोळखी माणसं अशी कामातून जोडली जातात. फ्रीलान्सरला शेजारच्या टेबलावर सहकारी नसतो, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. फॉर्म चालतोय ना, एवढंच क्लायंट बघतो. तो कोड कसा लिहिलाय हे सांगणारं माणूस तुला ओपन सोर्समध्येच, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या अशा कामांतच, भेटेल.

सुरुवात छोटी कर. रोज वापरतोस त्या प्लगिनमध्ये, म्हणजे साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, बग (चूक) सापडला, तर "चालत नाही" एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. आवृत्ती कोणती, ब्राउझर कोणता, कुठली बटणं कोणत्या क्रमानं दाबली, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिही. वाचणाऱ्याला तो बग त्याच्या मशीनवर जसाच्या तसा दिसला पाहिजे.

मग माउस बाजूला ठेव आणि तुझीच एखादी साइट नुसत्या टॅबनं फिरून बघ. आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, तर बहुधा सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'आउटलाइन: नन' (आपण आहोत त्या जागेभोवतीची चौकट काढून टाक) लिहिलेलं सापडेल. दिसायला बरं म्हणून अनेकजण ते लिहितात आणि कीबोर्डवर अवलंबून असलेल्या माणसाची वाटच बंद होते. अक्षरांचा रंगही तपास: साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं गुणोत्तर, लागतो. अशी दुरुस्ती वापरातल्या एखाद्या थीमच्या (साइटच्या तयार साच्याच्या) लेखकांना पाठव. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे ते तुझा कोड तपासतील तेव्हा, शेरे येतील, कधी कडकही. त्यांना लगेच उत्तर देऊ नकोस. आधी मला पाठव, सोबत वाचू.

तुझा,
दादा