काटोलच्या भाऊंना: ‘सेफ’ कॉलेज पहिल्या नंबरवर टाकू नका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं सगळं पुन्हा डोक्यात गेलं. मुलाला बारावीत ७४ टक्के, सीईटीत ८६ पर्सेंटाइल, ओबीसी, बारावी काटोललाच झालेली. त्याला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरच पाहिजे, तुम्हाला नागपूरच पाहिजे. आणि तुम्ही गाठलेला सल्लागार म्हणतो, ‘पहिल्या नंबरवर सेफ कॉलेज टाकून सीट पक्की करून घेऊ, मग पुढच्या राउंडला वर सरकू, लॉगिन माझ्याकडे द्या.’ हे शेवटचं वाक्य मी माझ्या मुलाच्या वेळी जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय. म्हणून लांबलचक लिहितेय. मी शिक्षिका नाही, समुपदेशक नाही, एका मुलाची आई आहे. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा सीईटी सेलची यंदाची माहितीपुस्तिका आणि माझं म्हणणं यात फरक दिसला तर पुस्तिका खरी धरा.

नोंदणी, कागद अपलोड करणं, ई-स्क्रूटिनी म्हणजे कागदांची ऑनलाइन तपासणी, हे तुमचं आटोपलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

तुम्ही विचारलंय की ७४ टक्क्यांवर कोणतं कॉलेज मिळेल. ७४ वर कोणतंच मिळत नाही आणि कोणतंच अडतही नाही. राज्याच्या कॅपमध्ये, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, बारावीचे मार्क पात्रतेपुरते लागतात: फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. त्यापुढे रांग लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. दोन मुलांचं पर्सेंटाइल अगदी सारखं आलं तर आधी गणिताचं बघतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री, आणि तरीही सुटलं नाही तर बारावी. बारावीचा आकडा खरा दुखतो तो व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी या नागपुरातल्या राष्ट्रीय संस्थांना. तिथे जेईईचा रँक असला तरी बारावीला एकूण ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. ओबीसीला या ७५ मध्ये सवलत नाही. एससी, एसटीला ६५ आहे. तुमच्या मुलाच्या जेईईबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून पुढे जाते, पण धाकटी अकरावीत आहे म्हणता, तिला हे आत्ताच सांगून ठेवा. आमच्या ओळखीत क्लासवाल्यांच्या नादी लागून बोर्डाकडे पाठ फिरवलेली मुलं आहेत.

आता ८६ पर्सेंटाइल. या आकड्याकडे बघून कॉलेज शोधू नका, मेरिट नंबरकडे, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाकडे बघा. ८६ म्हणजे १०० पैकी साधारण १४ मुलं पुढे. परीक्षेला तीन लाख बसले तर पुढे ४२ हजार, चार लाख बसले तर ५६ हजार. पर्सेंटाइल तेच, रांग किती लांबली बघा. (प्रत्यक्ष मेरिट नंबर यापेक्षा बराच कमी येतो, कारण परीक्षा दिलेले सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत.) कटऑफच्या, म्हणजे कुठली जागा कितव्या नंबरवर बंद झाली त्याच्या पीडीएफमध्ये मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असे दोन्ही आकडे छापलेले असतात. गेल्या वर्षीचा नंबर यंदाच्या नंबराशी ताडून बघा, पर्सेंटाइल पर्सेंटाइलशी ताडून बघा, आणि दोन्हीतला जो निराशाजनक वाटेल तो धरून चाला. एकाच वर्षाची पीडीएफ पुरत नाही, दोन-तीन वर्षांच्या काढा.

ती पीडीएफ वाचता येणं हेच निम्मं काम आहे आणि तिथेच सल्लागार लोक तुम्हाला फिरवतात. प्रत्येक शाखेखाली इंग्रजी अक्षरांचे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे मुलगे-मुली सगळ्यांच्या जागा, एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीची मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. तुमच्या मुलाने बारावी काटोलला केली, म्हणजे त्याची होम युनिव्हर्सिटी नागपूर. त्यात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे जिल्हे येतात. अमरावती वेगळं, चंद्रपूर-गडचिरोली गोंडवानाकडे. तेव्हा नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजला तुम्ही जी-ओबीसी-एच आणि जी-ओपन-एच हे दोनच रकाने बघायचे. ओपनचाही बघायचा, कारण राखीव प्रवर्गातल्या मुलालाही मेरिटवर ओपनची जागा मिळते. स्वायत्त कॉलेजात एस बघायचं. कॉलेजच्या नावाखाली त्याची होम युनिव्हर्सिटी लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय आकडा वाचूच नका. मुलींच्या रकान्यातला खालचा आकडा मुलाच्या बापाला दाखवून ‘बघा, होऊन जाते’ म्हणणारे मी स्वतः बघितलेत.

आता मूळ दुखण्याकडे येते.

आम्ही ज्या सल्ला केंद्रात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. नाव बदलून ते आजही चालू असेल. एसी ऑफिस, भिंतीवर मुलांचे फोटो, काउंटरवर दोन पोरं लॅपटॉप घेऊन. फी आधी. माझा मुलगा इलेक्ट्रिकलला तयार होता, त्याचा नंबरही हिंगणा रोडच्या एका बऱ्या कॉलेजच्या इलेक्ट्रिकलला गेल्या वर्षीच्या हिशेबाने काठावर होता. आम्ही ते वर लिहून नेलं होतं. तिथला साहेब म्हणाला, ‘काकू, काठावरचं वर कायले टाकता? पहिल्या राउंडले काहीच नाही भेटलं तर पोरगं खचते. मी टाकतो ना बरोबर.’ आणि त्याने शहराबाहेर, हायवेला लागून असलेलं एक कॉलेज एक नंबरवर टाकलं. आमचं इलेक्ट्रिकल गेलं चारवर. मी विचारलं, हे मिळालं तर? ‘तर काय, सीट पक्की. दुसऱ्या राउंडले वर सरकू.’

वर सरकायचं कुठे? एकच्या वर काही नसतं. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडमध्ये तुम्हाला जागाच नाही. ती घ्या, नाहीतर कॅपमधून बाहेर पडा आणि शेवटी कॉलेज पातळीवर उरलेल्या जागांच्या मागे फिरा. यादी लागली आणि मुलाला हायवेचं कॉलेज मिळालं. त्याच यादीत त्याच्या मागच्या नंबरच्या मुलांना हिंगणा रोडचं इलेक्ट्रिकल मिळालेलं होतं. म्हणजे आम्ही नेलेला कागद जसाच्या तसा भरला असता तर पहिल्याच राउंडला काम झालं असतं. मी ती यादी घेऊन केंद्रात गेले तर साहेब भेटेनात, काउंटरवरचं पोरगं म्हणालं, ‘सिस्टीमनं केलं मॅडम.’ सिस्टीमने जे लिहिलं होतं तेच दिलं हो. ज्या अधिकृत सुविधा केंद्रावर तक्रार नेली तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की फॉर्म तुमच्या लॉगिनने, तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीने कन्फर्म झालाय. ते खरंच होतं. त्या केंद्राचं आणि त्या कॉलेजचं आतून काही होतं का, हे माझ्याकडे पुराव्याने सांगण्यासारखं नाही. मला काय वाटतं ते तुम्हाला कळलंच असेल.

चार वर्षं पोरगं पहाटे निघून बसने गेलं. बसची फी वेगळी. आता नोकरीला आहे, बरं चाललंय, पण ज्या शाखेसाठी तो बसला होता ती त्याला मिळाली नाही, आणि ती त्याच्या नंबरात बसत होती.

तर सिस्टीम चालते कशी ते नीट समजून घ्या. तुमचा नंबर आला की ती तुमच्या यादीत वरून खाली येते आणि जिथे पहिली जागा सापडेल तिथे थांबते. वर दहा अशक्य कॉलेजं टाकलीत म्हणून खालच्या अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमच्या मागच्या नंबरच्या मुलाने ते एक नंबरवर टाकलं असलं तरी आधी ते तुम्हालाच मिळतं. म्हणून क्रम लावायचा तो मनापासून हव्या असलेल्या क्रमाने. व्यवहार बघायचा तो यादीच्या शेपटाकडे. तिथे गेल्या वर्षी तुमच्या नंबराच्या बऱ्याच मागे बंद झालेल्या, पण मिळाल्या तर मुलगा खरोखर जाईल अशा जागा भरायच्या. ३०० पर्यायांपर्यंत भरता येतात, पाच-सहावर थांबायला कोण सांगतं?

एक मात्र. २०२५-२६ पासून चार राउंड झाले आणि फ्रीझचा नियम कडक झाला: पहिल्या राउंडला पहिली पसंती, दुसऱ्याला पहिल्या तीन, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तर ते घ्यावंच लागतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला वरच्या सहा ओळींत नको असलेलं एकही नाव नसावं. यंदा हे तसंच आहे का ते पुस्तिकेत बघून घ्या.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर, नागपुरात मोठ्या नावाच्या कॉलेजांत कॉम्प्युटर नव्वदीच्या बरंच वर बंद होतं. ८६ ला ओबीसीतूनही मी ते धरून चालणार नाही. टाका जरूर, वरच टाका, फक्त घरात पेढ्यांची भाषा करू नका. खरी निवड पुढची आहे: मधल्या कॉलेजात कॉम्प्युटर, की बऱ्या कॉलेजात इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल. इथे माझं मत एकांगी आहे, आधीच सांगते. ज्या पोराला कोडिंग म्हणजे काय ते माहीत नाही आणि शेजाऱ्याचा मुलगा मिहानच्या आयटी कंपनीत लागला म्हणून कॉम्प्युटर हवंय, त्याने बऱ्या कॉलेजातली जुनी शाखा घ्यावी. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीज केंद्रं आणि बुटीबोरीचे कारखाने कॉम्प्युटरवाल्यांवर चालत नाहीत. उलट मुलगा स्वतःहून रात्री बसून प्रोग्राम लिहीत असेल तर मधल्या कॉलेजातलं कॉम्प्युटरही चालेल. एआय, डेटा सायन्स, सायबर अशा नव्या पाट्यांच्या शाखांबद्दल एवढंच विचारा की पहिली बॅच बाहेर पडली का आणि शिकवणारे कोण. हे ऑफिसात विचारू नका, कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

नागपूरच हवं यावरही थोडं सैल व्हा. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ इथे सरकारी कॉलेजं आहेत आणि खासगीच्या तुलनेत फी बरीच कमी. नागपुरातच एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, १९४२ पासूनचं. केमिकल, फूड, ऑइल, पेंट असल्या शाखांकडे कॉम्प्युटरच्या नादात कोणी बघत नाही. आणि हो, नागपूरची काही जुनी कॉलेजं आता स्वतःच विद्यापीठं झालीत. जुन्या कटऑफमध्ये नाव दिसलं म्हणून यंदा ती कॅपच्या यादीत असतीलच असं नाही. अशा ठिकाणी सरकारी शिष्यवृत्ती लागू आहे का ते लेखी विचारा.

कागदांचं एक सांगते, कारण तुम्ही ओबीसी आहात. नॉन-क्रीमी लेअर चालू वर्षाचं आणि जात वैधता, दोन्ही हातात हवं. नुसत्या अर्जाच्या पावतीवर ठरलेल्या तारखेपर्यंतच भागतं; प्रमाणपत्र वेळेत आलं नाही तर मुलाला ओपनमध्ये धरतात आणि फीची सवलतही जाते. धाकटीची जात पडताळणी अकरावीतच कॉलेजमार्फत टाकून द्या. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे कॉलेजची शिकवणी फी माफ असलेल्या जागांचे कोड वेगळे भरावे लागतात. त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर ते टाका. तिथे प्रवर्ग नसतो, मेरिट चढं असतं, पण मिळालं तर शिकवणी फी माफ. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींची शिकवणी फी पूर्ण माफ आहे, मुलाला निम्मी. धाकटीला इंजिनिअरिंग करायचं असेल तर हे गणित घरात आत्ताच मांडा.

पासवर्ड आजच बदला. सल्लागाराला पैसे दिलेच असतील तर त्याची यादी कागदावर मागून घ्या, वाचा, पण फॉर्म घरी बसून तुम्ही आणि मुलाने भरा, आणि कन्फर्म दाबण्याआधी एक रात्र जाऊ द्या. मेरिट यादी लागली की नुसता नंबर आणि तुम्ही काढलेल्या पहिल्या वीस-पंचवीस पसंत्या इथे टाका, मी रात्री नऊनंतर बघून सांगते. अर्ज क्रमांक आणि मुलाचं नाव टाकू नका.