आईचा विवाह, कॅमेरा मुलीकडे

प्रश्न : माझे वडील जाऊन बरीच वर्षे झाली. आई आता एकसष्ट वर्षांची असून पुढच्या महिन्यात ती आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांशी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, पुण्यात नोंदणी पद्धतीने विवाह करणार आहे. कार्यालयात सह्या आणि मग आमच्या घरी जेवण, एवढाच बेत आहे. दोन्हीकडची मिळून वीसेक माणसे असतील. ‘बाहेरचा फोटोग्राफर नको, तूच काढ’, असे आईचे म्हणणे आहे. माझ्याकडे साधा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली लेन्स आणि ५० मिमीची एक लेन्स आहे. मी साक्षीदारही आहे. धाकटा भाऊ मोकळा असेल. तयारी कशी करावी? शिवाय दिवाणखान्यात बाबांची तसबीर आहे. तिचे काय करायचे, हे आईला विचारण्याचे धाडस मला होत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण साक्षीदार आहात ही गोष्ट आपण एका लहानशा वाक्यात उरकली आहे, परंतु माझ्या मते सारी तयारी तेथूनच सुरू व्हायला हवी. विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार ३० दिवसांच्या नोटिशीनंतर होणाऱ्या या विवाहाला तीन साक्षीदार लागतात आणि वधूवरांबरोबर त्यांच्याही सह्या होतात. म्हणजे जी छायाचित्रे आईला सर्वांत जास्त हवी असतील, ती काढण्याच्या वेळी नेमके आपल्या हातात पेन असेल. तेवढ्या वेळापुरता कॅमेरा भावाकडे द्या. केवळ सोय म्हणून मी हे सुचवत नाही. आईच्या लग्नाच्या छायाचित्रांत तिची मुलगीच कुठे दिसली नाही, तर ती उणीव पुढे कशानेही भरून निघणार नाही.

भावाला फक्त बटण दाबावे लागेल, अशी मांडणी आधीच करून ठेवा : शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) १/१०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ४, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) स्वयंचलित, चेहरा ओळखणारा फोकस चालू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर त्याहून वेगवान ठेवले, तर एक छायाचित्र उजळ आणि पुढचे मंद असे होऊ लागते, आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर चेहऱ्यांवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून यांत्रिक शटरच वापरा. खिडकीतला उजेड आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र येणार असल्याने छायाचित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढावीत, म्हणजे रंग नंतर नीट सुधारता येतात. छायाचित्रणाची परवानगी मात्र कार्यालयात आधीच जाऊन विचारून ठेवा, आणि त्याच फेरीत टेबल कुठे आहे व खिडकी कोणत्या बाजूला आहे, तेही पाहून घ्या.

सह्यांच्या गडबडीत एक क्षण हमखास निसटतो. वधूवरांनी विवाह अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे शब्द उच्चारायचे असतात आणि ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत चालतात. दोन वाक्यांचे काम असते, ते पटकन आटोपते, आणि बघणाऱ्यांचे लक्ष बहुधा कागदांकडे असते. भावाला सांगून ठेवा की, काका बोलत असतील तेव्हा कॅमेरा आईकडे हवा आणि आई बोलत असेल तेव्हा काकांकडे. बोलणाऱ्याचे डोळे बहुतेक कागदावर असतात. ऐकणाऱ्याचा चेहरा मोकळा असतो.

घरी आल्यावर कॅमेरा पुन्हा आपल्याकडे घ्या. दोघांना खिडकीजवळ, पातळ पांढऱ्या पडद्यातून येणाऱ्या उजेडात खुर्च्यांवर शेजारी बसवा. उन्हातल्या गच्चीत ताटकळत उभे करू नका. चष्मा काढायला सांगू नये. दांड्या कानांवरून किंचित उचलल्या, की काचा खाली झुकतात आणि त्यांतले प्रतिबिंब नाहीसे होते. सुरकुत्या पुसण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका, आणि तरुण जोडप्यांकडून करून घेतात तशी आविर्भावांची मागणीही नको. समूहचित्रासाठी ५० मिमीची लेन्स खोलीत अडचणीची ठरेल; तिथे कॅमेऱ्यासोबतचीच वापरा आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येईल. काकांच्या मुलांपैकी कोणी अवघडलेले दिसले, तर त्यांना आग्रहाने वधूवरांना खेटून उभे करू नये. जेवताना, वाढताना, कोणाशी बोलत असताना त्यांची छायाचित्रे सहज मिळतील.

आता तसबिरीविषयी. आईला विचाराच, मात्र लग्नाच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या एखाद्या निवांत संध्याकाळी. ‘आई, फोटो दिवाणखान्यात काढायचे म्हणते. बाबांचा फोटो तिथेच राहू दे ना, की तुझ्या मनात काही वेगळं आहे?’ एवढे साधे विचारले तरी पुरे. हा प्रश्न तिच्याही मनात येऊन गेला असण्याची शक्यता मला फार वाटते, आणि काकांशी बोलून काय ते तिलाच ठरवू द्या. न विचारता तसबीर उतरवणे सर्वांत वाईट. वर्षानुवर्षे झाकलेल्या भिंतीवरचा वेगळ्या रंगाचा चौकोन प्रत्येक छायाचित्रात डोळ्यांत भरेल. तसबीर तिथेच राहिली, तर ती नेमकी वधूवरांच्या डोक्यांवर येणार नाही अशा कोनातून छायाचित्रे घ्या, पण ती टाळण्यासाठी धडपडूही नका. आई त्या दिवशी तसबिरीपुढे हात जोडायला गेली, तर तिने स्वतः सांगितल्याशिवाय कॅमेरा उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काहीही टाकण्यापूर्वी सर्व छायाचित्रे आई आणि काकांना दाखवा आणि कोणती पाठवायची ते त्यांनाच निवडू द्या. छापील अल्बमच्या दोन प्रती कराव्यात : एक आपल्या घरी राहील, दुसरी काकांच्या मुलांना द्यावी.