सौरडाग, सौरज्वाला आणि अंदाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सौरडाग जितका मोठा तितकी ज्वाला प्रखर, असे समजावे काय?

तसे समजू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाचा डागसमूह जवळपास गुरूएवढा पसरला होता आणि त्याने ‘एक्स’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत प्रखर वर्गाच्या, सहा ज्वाला दिल्या. परंतु त्यांच्यापैकी एकीबरोबरही मोठा द्रव्यमेघ, म्हणजे सूर्याने अवकाशात फेकलेला तप्त, चुंबकित द्रव्याचा लोट, बाहेर पडला नाही, त्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ असे आलेच नाही. निरीक्षक क्षेत्रफळापेक्षा चुंबकीय गुंतागुंत पाहतात. एकाच उपछायेत (डागाच्या गडद गाभ्याभोवतीच्या फिकट कडेत) विरुद्ध चुंबकीय ध्रुवांचे गडद गाभे शेजारी शेजारी आले, की त्या समूहाला ‘डेल्टा’ म्हणतात, आणि अंदाज वर्तवणारा मनुष्य खरा सावध होतो तो येथे.

प्रश्न : ‘एक्स’ ज्वालेची शक्यता दहा टक्के सांगितली आणि ज्वाला उसळली. अंदाज चुकला ना?

एका दिवसावरून तसे म्हणता येत नाही. असे दहा टक्क्यांचे शंभर दिवस घेतले आणि त्यांतील सुमारे दहा दिवशीच ज्वाला दिसली, तर अंदाज उत्तमच होता. चुंबकीय ऊर्जा किती साठली आहे याचा अदमास घेता येतो, ती नेमकी केव्हा सुटेल हे मात्र अजून सांगता येत नाही. म्हणून ‘उद्या दुपारी तीनला ज्वाला’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : ज्वाला दिसल्यावर सावध होण्यास किती वेळ मिळतो?

ज्वालेच्या क्ष-किरणांसाठी मुळीच नाही. ते प्रकाशाच्याच वेगाने, सुमारे आठ मिनिटांत येतात, त्यामुळे उपग्रहाला ज्वाला दिसते त्याच क्षणी पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचा लघुलहरी रेडिओसंपर्क बिघडू लागतो. द्रव्यमेघाला मात्र साधारणतः एक ते तीन दिवस लागतात, आणि पूर्वसूचनेला खरा वाव तेथेच आहे. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या समूहातून एकापाठोपाठ निघालेल्या मेघांमुळे १० तारखेला २००३ नंतरचे पहिले सर्वोच्च श्रेणीचे वादळ आले आणि लडाखमधील हानले येथेही तांबूस ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. गंमत अशी, की त्या समूहाची त्या फेरीतील सर्वांत प्रखर, ‘एक्स ८.७’ ज्वाला १४ मे रोजी उसळली. तोवर तो सूर्यबिंबाच्या पश्चिम कडेला पोहोचला होता, आणि तिचा मेघ आपल्या रोखाने आला नाही.

प्रश्न : यात भारताचा वाटा काय?

सूर्याचे निरीक्षण करणारे भारताचे यान ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवली असून ज्वालांचे क्ष-किरण मोजणारी दोन उपकरणेही त्यावर आहेत.