चौदा ते सोळा वयाच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला अमेरिकन जीवन आणि संस्कृती कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की थँक्सगिव्हिंग, हॅलोविन आणि फोर्थ ऑफ जुलै असे तीन तास घेऊन झाले, मुलं जांभया देतात, तर आता एखादी चांगली ॲक्टिव्हिटी सुचवा. जांभया देणारच हो. परक्याच्या घरचं सणाचं ताट लांबून दाखवलं तर कोण किती वेळ बघेल?

जरा चिडून लिहितोय. जुनं दुखणं आहे, सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी इचलकरंजीत एका संस्थेचा संध्याकाळचा मोफत इंग्रजी वर्ग घ्यायचो. आठवी ते दहावीची तीसेक पोरं, बहुतेक यंत्रमाग कामगारांची. भाषेबरोबर अमेरिकेची ओळखही करून द्यायची, अशी अट होती. त्यासाठी एक खोकं आलं होतं. त्यात नकाशा, चित्रांची कार्डं आणि पुठ्ठ्याच्या चाळीस टर्की, म्हणजे थँक्सगिव्हिंग या आभाराच्या सणाला तिकडे खातात तो पक्षी. मुलांनी टर्कीच्या एकेका पिसावर आपण कशाकशाबद्दल आभारी आहोत ते लिहायचं. पहिलाच प्रश्न आला, "सर, ह्यो मोर हाय का?" मी म्हटलं, टर्की. मागून आवाज, "त्यो तर देश हाय की." पाऊण तास त्यातच गेला. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचं बघून "आय ॲम थँकफुल फॉर माय मदर" लिहिलं आणि घरी गेले.

पुढचा धडा अमेरिकन मुलांच्या कामधंद्याचा. सोळा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर बर्गरच्या दुकानात काम करतो, पैसे साठवतो, जुनी गाडी घेतो. खाली शिक्षकांसाठी टीप होती की तुमच्याकडे या वयाची मुलं काम करत नसल्याने विद्यार्थ्यांना याचं नवल वाटेल. लिहिणाऱ्याने इचलकरंजी पाहिली नसावी.

मागच्या बाकावर एक पोरगा बसायचा, त्याला बाळू म्हणू. वर्ग सुटला की तो कांडी मशीनवर जायचा आणि रात्री दहापर्यंत कांड्या भरायचा, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचा. सहा महिन्यांत त्याच्या तोंडून मी इंग्रजीचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, देन आय ॲम ऑल्सो अमेरिकन."

वर्ग खो खो हसला, आणि मग प्रश्नांची जी रांग लागली! तिथं तासाला किती मिळतात? रात्रपाळी असते का? खाडा झाला तर पैसे कापतात का? पगार आईकडे द्यायचा की आपल्याकडे ठेवायचा? गाडी घेतली तर बाप काय म्हणतो? निम्मे प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत. टर्कीच्या चाळीस पुठ्ठ्यांनी जे जमलं नव्हतं ते "खाडा"ने जमवलं. खाड्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावरच दहा मिनिटं गेली.

उत्तरं मलाही येत नव्हती. घरी जाऊन शोधली. तिथल्या केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून शाळेच्या दिवशी ३ तासांपेक्षा आणि शाळेच्या आठवड्यात १८ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. उन्हाळा सोडला तर संध्याकाळी सातनंतर अजिबात नाही. हे सांगितल्यावर बाळू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "हे त्यांच्यात पहिल्यापासनंच हाय?"

या प्रश्नापायी मला लुइस हाइन सापडला. न्यूयॉर्कमधला शाळामास्तर. १९०८ मध्ये शिक्षकी सोडून तो नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेसाठी देशभर फिरला आणि गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. आत शिरायला कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी पोस्टकार्डवाला. पोरांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजायचा आणि खिशात हात घालून टिपण करायचा. मुलांना कारखान्यातून बाहेर काढणारा केंद्राचा टिकाऊ कायदा आला १९३८ मध्ये, म्हणजे या फोटोंनंतर तीस वर्षांनी.

पुढच्या आठवड्यात मी ते फोटो छापून नेले. जॉर्जियातल्या मेकन गावची गिरणी, १९०९ साल. दोन अनवाणी पोरं साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर चढून तुटलेला धागा जोडतायत. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. सूतगिरणीत आई असलेली एक मुलगी उठली आणि रिकाम्या बॉबिनीचं काय करतात ते तिनेच सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. साऊथ कॅरोलिनातल्या एका फोटोखाली हाइनने लिहून ठेवलंय: छोटी मुलगी सराईतासारखं काम करत होती, फोटो काढल्यावर मुकादम ओशाळून म्हणाला, "शी जस्ट हॅपन्ड इन." सहज आली होती म्हणे. हे वाक्य पोरांना इतकं आवडलं की त्या दिवसापासून उशिरा येणारा प्रत्येक जण दारातून "आय जस्ट हॅपन्ड इन, सर" म्हणायला लागला. हा वाक्प्रयोग मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवला असता तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवला असता?

नेमक्या त्याच तासाला आमच्या समन्वयक मॅडम न कळवता तपासणीला आल्या. कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "शी जस्ट हॅपन्ड इन." मी हसू दाबलं, पण त्यांनी ते बघितलं असणार.

तास संपल्यावर म्हणाल्या, "सर, आपल्याला मुलांसमोर अमेरिकेची पॉझिटिव्ह बाजू ठेवायची आहे. हे गरिबीचे फोटो कशाला?" मी एवढंच म्हणालो, "मॅडम, मुलं बोलतायत." अहवालात शेरा आला की सांस्कृतिक भाग कमकुवत आहे, सणांचे उपक्रम घेतलेले नाहीत.

खरं उत्तर मला कोल्हापूरच्या एसटीत सुचलं. नेहमीचंच. हे फोटो मी कुठल्या अमेरिकाद्वेष्ट्याकडून आणले नव्हते, ते त्यांच्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवलेत आणि संकेतस्थळावर फुकट बघायला दिलेत. आपल्या इथलं ज्याने जगाला दाखवलं त्याचे फोटो सरकारी ग्रंथालयात सांभाळायचे, हा अमेरिकन संस्कृतीचा भाग नाही, आणि हॅलोविनचा भोपळा कोरणं तेवढा आहे? जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी ते झटले म्हणून. त्या अर्पणपत्रिकेत अमेरिकेची लाजही आहे आणि मोठेपणही. जोतिरावांना जे पेललं ते आमच्या दहावीच्या पोरांना पेलणार नाही, असं मॅडमना वाटत होतं. मॅडम, कधी हे वाचलंत तर हे तुमच्यासाठी.

असो. तुमचा प्रश्न राहिला.

सणांपासून सुरुवात करू नका. मुलांच्या रोजच्या दिवसापासून करा. आपली पोरं रोज परिपाठाला "भारत माझा देश आहे" म्हणतात ना? तिथलीही बहुतेक शाळांतली पोरं झेंड्याकडे बघून प्रतिज्ञा म्हणतात. ती १८९२ मध्ये लिहिली गेली, त्यात देवाचा उल्लेख १९५४ मध्ये घातला, आणि ती म्हणायची सक्ती सरकारी शाळेत करता येत नाही असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४३ पासून आहे. हे सांगा आणि "नाही म्हटली तर चालेल का" एवढंच विचारून गप्प बसा. तास आपोआप भरतो.

दुसरं, दुकान. आपल्याकडे छापील किमतीत कर धरलेला असतो. तिकडे पाटीवर एक आकडा आणि काउंटरवर दुसरा, कारण विक्रीकर वरून लागतो, तोही गावागणिक वेगळा. ओरेगनसारख्या राज्यात मुळीच नाही. खोट्या नोटा करा, एकाला दुकानदार करा, आणि गिऱ्हाइकाला पैसे कमी पडू द्या. इंग्रजीत भांडण होतं. भांडताना पोरं काळ वगैरे बघत नाहीत, पण बोलतात.

उच्चारांच्या मागे लागू नका. "वॉटर"चं "वॉडर" करून कुणी अमेरिकन होत नाही.

आता थोडं माझ्या विरोधातलं. बाळू कांड्या भरायचा यात कौतुकाचं काही नव्हतं. तासाला हशा पिकला, पण तो घरची गरज म्हणून जात होता आणि सकाळच्या शाळेत डुलक्या घ्यायचा. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर त्याला सगळ्यांसमोर उदाहरण करू नका. त्या दिवशी तो स्वतः उठला होता, मी उठवलं नव्हतं. आणि मॅडमचंही एक बरोबर निघालं. वार्षिक चाचणीत सहा मुलांनी "अमेरिकन चिल्ड्रन वर्क इन कॉटन मिल" असं वर्तमानकाळात लिहिलं. मी १९०९ दाखवलं आणि आजची शाळा, आजची पिवळी बस, तासागणिक वर्ग बदलत फिरणारी पोरं दाखवायची राहून गेली. तेव्हा जुने फोटो दाखवलेत तर त्याच आठवड्यात आजचेही दाखवा. फीचा क्लास असेल तर पालक विचारतील, हे परीक्षेला आहे का? त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाळू आता शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या मागांवर जॉबर आहे, माग दुरुस्त करणारा. मशीनचं इंग्रजी पुस्तक वाचून दुरुस्ती करतो, माझ्यापेक्षा भरभर वाचतो. पुठ्ठ्याच्या टर्की मात्र माझ्या कपाटातच आहेत. चाळीसातल्या तीस वापरलेल्या, दहा कोऱ्या. थँक्सगिव्हिंग करायचंच असेल तर कळवा, एसटीच्या पार्सलने पाठवतो.