पर्यावरणीय न्यायाची पत्रकारिता: नैरोबीच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

नैरोबीत जन्मलेली, केनियाचे नागरिकत्व असलेली आणि नुकतीच पत्रकारितेची पदवी मिळवलेली आपली मुलगी पर्यावरणीय न्याय, म्हणजे प्रदूषणाची झळ सोसणाऱ्या दुर्बल लोकांना न्याय, याच विषयावर काम करू इच्छिते. त्यात चरितार्थ चालेल का आणि ती सुरक्षित राहील का, असे आपण विचारले आहे.

सुरुवातीलाच मुक्त (फ्रीलान्स) पत्रकारिता पत्करली, तर उत्पन्नाचा भरवसा नाही. म्हणून तिने एखाद्या दैनिकात नोकरी धरावी आणि आग्रहाने न्यायालयीन वार्तांकन मागून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. मोंबासाच्या ओविनो उहुरू वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवणाऱ्या कारखान्यामुळे माणसांच्या रक्तात शिसे भिनले. त्याच कारखान्यात नोकरी केलेल्या आणि स्वतःचे तान्हे मूल आजारी पडलेले पाहणाऱ्या फिलिस ओमिडो यांनी लढा उभारला. २०२० मध्ये मोंबासाच्या पर्यावरण व भूमी न्यायालयाने रहिवाशांना १३० कोटी शिलिंगची भरपाई मंजूर केली, तरी अपिलांमुळे प्रकरण पुढे लांबतच गेले. अशी बातमी निकालाच्या दिवशी संपत नाही; रक्ततपासणीचे अहवाल, परवाने आणि प्रतिज्ञापत्रे शांतपणे वाचू शकणाराच ती शेवटपर्यंत नेतो. माहिती मिळवण्याचा २०१६ चा कायदा केनियाच्या नागरिकांना कागदपत्रे मागण्याचा हक्क देतो, आणि तो तिने आतापासूनच वापरावा.

आपण भारतीय वंशाचे असल्याने भारतीयांच्या कंपन्यांविरुद्ध लिहिताना तिला अवघडल्यासारखे होईल, ही आपली भीती मी समजू शकतो. झांबियातील चिंगोला परिसरातल्या सुमारे १,८०० ग्रामस्थांनी तांब्याच्या खाणीमुळे पाणी दूषित झाल्याचा दावा केला, तो भारतीय उद्योगपतीच्या वेदांत समूहाविरुद्ध होता. तो लंडनमध्ये चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आणि २०२१ मध्ये, कंपनीने दोष मान्य न करता, तडजोड झाली. असे विषय तिने टाळू नयेत. उलट ते आपल्या भारतीय वाचकांपर्यंतही पोहोचवावेत.

धोका आहे, हे मी लपवणार नाही. वस्तीत एकटीने जाऊ नये, केनियाच्या माध्यम परिषदेचे ओळखपत्र जवळ असावे, आणि बदनामीच्या दाव्याचा विचार करून प्रत्येक टिपण तारखेसह जपावे.

तिचे स्वाहिली कितपत आहे, हे मात्र मला अवश्य कळवावे. बाजारहाटापुरती भाषा येथे पुरणार नाही. आजारी मुलाची आई काय सांगते, ते तिला दुभाष्याविना समजले पाहिजे.