चार वर्षांच्या मुलाला घेऊन एसटीने घाटातून जाताना काय काळजी घ्यावी?

ताई, तुम्हाला मुलाला आणि सासूबाईंना घेऊन कराडहून चिपळूणला जायचंय, मुलाला गाडी लागते, म्हणून खिडकीची सीट घ्यावी का असं विचारलंय. एकाने तुम्हाला सांगितलंय, "खिडकीच घ्या, उलटी आली की डोकं बाहेर काढता येतं." ते वाचून राहवलं नाही. याच मार्गावर मी वाहक होतो, आता निवृत्त आहे. डोकं बाहेर काढायचं नाही. हात नाही, कोपरसुद्धा नाही.

कुंभार्ली घाटात वळणावर एसटीला सगळा रस्ता लागतो. समोरून ट्रक आला की दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा उरते. ती ड्रायव्हरने गाडीच्या पत्र्यापर्यंत धरलेली असते, खिडकीबाहेरचं डोकं त्यात धरलेलं नसतं. डावी खिडकी घेतली तर तिकडे कातळ आणि झाडांच्या फांद्या.

एकदा मे महिन्यात गाडी खच्चून भरलेली. हेळवाक मागे पडलं, घाट लागला. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीत एका बापाने पोराला सीटवर उभं करून खांद्यापर्यंत बाहेर काढलेलं, कंबर धरलेली. मी मागे तिकिटं करत होतो, तिथूनच ओरडलो. तो म्हणाला, "ओकू दे की त्याला." मी एक घंटी मारली. ड्रायव्हरने रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. पोर आत घेतल्याशिवाय डबल बेल देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही तिकीट फाडा, पोर आमचं आहे." गाडीतले चार जण त्याच्याच बाजूने बोलायला लागले, उशीर होतोय म्हणून. मी एका कॉलेजच्या मुलाला उठवलं, पोराला मधल्या रांगेत आतल्या सीटवर बसवलं आणि हातात प्लास्टिकची पिशवी दिली. उन्हाळ्यात अशा पिशव्या माझ्याजवळ असायच्याच. बापाने तक्रार पुस्तक मागितलं. मागितलं की द्यावंच लागतं. दिलं, पेनही दिलं. वाहक उद्धट आहे, गाडी विनाकारण थांबवली, असं पानभर लिहिलं त्याने. मी खुलासा लिहून दिला, त्यातलं एक अक्षर आजही बदलणार नाही. पोरगं चिपळूणपर्यंत झोपून आलं.

"तिकीट फाडा" हे मला आजही लागतं. माझा मेहुणा दर दिवाळीला हेच ऐकवतो, तिकिटाचं मशीन आल्यावर वाहक हवा कशाला. अरे, दारात कोण लोंबकळतंय, म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर आला की नाही, हे ड्रायव्हरला सगळं दिसत नाही. मागे कोणीतरी बघून डबल बेल दिली, तरच गाडी हलायला हवी. मेहुण्याला रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सचं फार कौतुक. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अशीच खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. काच फोडता आली म्हणून काही जण वाचले. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला लोक पोती टेकवून ठेवतात, ती मी उचलायला लावायचो, तेव्हाही लोक मलाच बोलायचे. तुम्ही गाडीत बसल्या बसल्या ते दार कुठे आहे आणि हातोडी कुठे आहे, बघून ठेवा.

आता तुमच्या कामाचं. सीट मधल्या रांगांतली घ्या, मागच्या चाकाच्या पुढची. मागे गाडी उडते, उलटी तिथेच जास्त होते. शेवटच्या लांब सीटवर मधोमध मुलाला कधी बसवू नका. पुढे काहीच आड नसतं, ब्रेक लागला की पोर सरळ पॅसेजमध्ये येतं. मांडीवर घेतलं तर त्याची पाठ तुमच्या छातीला लावा आणि पुढच्या दांडीवर तुमचा हात आडवा ठेवा. झोपलेल्या पोरांचे दात त्या दांडीवर पडलेले मी पाहिलेत. स्टँडवर गाडी फलाटाला लागत असताना जागा धरायला खिडकीतून पोर आत ढकलायचं, हा प्रकार तर कोणीच करू नये. चढताना मूल आधी, उतरताना तुम्ही आधी. उतरल्यावर गाडीच्या नाकासमोरून रस्ता ओलांडू नका, एवढं लहान मूल ड्रायव्हरला त्याच्या जागेवरून दिसत नाही. गाडी निघून जाऊ द्या.

सासूबाईंना स्टॉप येण्याआधी उठू देऊ नका. वाहकाला आधी सांगून ठेवा, तो थांबेल.

सगळेच वाहक लक्ष देतात असं मी म्हणणार नाही. विनावाहक गाडी मिळाली तर हे सगळं तुम्हालाच बघावं लागेल. आणि गाडी लागण्याचं औषध या वयाच्या मुलाला दुकानातून आणून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.