घरच्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) रोज बॅकअप घेतो, पण दरवेळी सगळ्या फायली पुन्हा कॉपी होतात. फक्त बदललेल्याच जाव्यात यासाठी काय करावं?

तुमच्या प्रश्नाखालचं ते एक वाक्य नसतं तर मी उत्तर द्यायला बसलेच नसते. "सुरक्षिततेची काळजी नाही, दोन डिस्कचं रेड 1 आहे, मला फक्त वेग हवाय." (रेड 1 म्हणजे मिरर: जे लिहाल ते दोन्ही डिस्कवर एकदम लिहिलं जातं.) हे वाक्य जवळजवळ असंच्या असं माझ्या दादाने मला ऐकवलं होतं. तेव्हा वेगाचं आधी उरकते, मग त्या वाक्याकडे वळते.

दरवेळी सगळं जातंय म्हणजे बहुधा फायलींच्या वेळा जुळत नाहीयेत. आरसिंक काय, विंडोजमधलं रोबोकॉपी काय, ही कॉपी करणारी साधनं फाईल उघडून बघत बसत नाहीत. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ, एवढंच ताडून पाहतात. आरसिंक नुसता 'आर' हा पर्याय देऊन चालवत असाल तर पलीकडच्या फायलीला कॉपी झाली तेव्हाची वेळ चिकटते आणि दुसऱ्या रात्री त्याला सगळंच बदललेलं दिसतं. 'आर'च्या जागी 'ए' द्या, म्हणजे मूळ वेळ तशीच राहते. तरीही तेच होत असेल तर कुठल्या टोकाला फॅट या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क आहे का बघा. फॅटमध्ये वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते, त्यामुळे तीच फाईल वेगळी भासते. त्यावर आरसिंकमध्ये मॉडिफाय-विंडो आणि रोबोकॉपीत एफएफटी हे पर्याय आहेत.

दुसरं म्हणजे नॅसचा फोल्डर आपल्या मशीनवर माउंट करून (म्हणजे आपलाच असल्यासारखा जोडून) त्यात आरसिंक करू नका. दोन्ही मार्ग लोकल दिसले की तो फरक काढायच्या भानगडीत पडत नाही, फाईल जराशी बदलली तरी अख्खी पाठवतो. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायच्या सुरक्षित जोडणीवरून) चालवा, म्हणजे पलीकडेही एक आरसिंक बसलेला असतो आणि दोघं मिळून फक्त बदललेले तुकडे हलवतात. व्हर्च्युअल मशीनच्या 40 जीबीच्या फायलीला याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोटोंना पडत नाही, कारण फोटो सहसा बदलतच नाहीत. आणि घरच्या नेटवर्कवर फोटो-व्हिडिओंसाठी 'झेड' लावून कॉम्प्रेस करू नका. ते आधीच दाबलेले असतात, प्रोसेसर उगाच घाम गाळतो.

मग केबल. हसू नका. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली की जोडणी बऱ्याचदा गुपचूप 100 मेगाबिटवर येते आणि वरकरणी सगळं 'चालू' असतं. गिगाबिटवर सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात, म्हणजे 1 टीबी अडीच तासांत. 100 मेगाबिटवर 11 एमबी, म्हणजे तेच काम एका दिवसाच्याही वर. पहिली मोठी कॉपी वायफायवरून करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

आता ते वाक्य.

आप्पांच्या खोक्यातले सुटे फोटो मी दीड वर्ष स्कॅन करत होते. 6,412 फोटो. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसायचे, कोण, कुठलं, कधीचं ते सांगायचे आणि मी ते सगळं फायलीच्या नावातच टंकायचे. '1974 मामाच्या लग्नात डावीकडून तिसरी काकू' अशी लांबलचक नावं. फोटो एका यूएसबी डिस्कवर, ती डिस्क जुन्या डेस्कटॉपला जोडलेली आणि रोज रात्री दोनला ते सगळं नॅसवर जायचं. नॅस दादाने बसवला, स्क्रिप्ट दादाची, ती ठरल्या वेळी चालवणारा क्रॉनही दादाचा. मी तेव्हाच विचारलं होतं, "चुकून पुसलं गेलं तर?" तर म्हणे, "अगं, दोन-दोन डिस्क आहेत. एक मेली तरी दुसरी आहे." मी विचारलं एक आणि उत्तर मिळालं भलत्याचंच. पण त्याच्या आवाजात इतका विश्वास होता की मी गप्प बसले.

एका सोमवारी संध्याकाळी वीज गेली आणि आली. डेस्कटॉप पुन्हा सुरू झाला, पण यूएसबी डिस्क नुसती टक् टक् करत राहिली, माउंट झालीच नाही. मशीनने कुरकुर केली नाही, कारण दादाने एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) 'नोफेल' लिहून ठेवलं होतं: डिस्क नसली तरी अडून बसू नकोस. डिस्क जिथे माउंट व्हायची तो फोल्डर जागच्या जागी होता, फक्त रिकामा. रात्री दोनला आरसिंक उठला. त्याला मूळ जागी काहीच दिसलं नाही आणि स्क्रिप्टमध्ये डिलीटचा पर्याय लावलेला. मूळ जागी जे नाही ते पलीकडेही ठेवायचं नाही, हा त्या पर्यायाचा अर्थ. त्याने नॅसवरचं सगळं पुसलं. मिररने आपलं काम चोख केलं, दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी गेलं.

नीट बघा काय झालं ते. मूळ डिस्क मेली आणि ती मेली म्हणूनच तिचा बॅकअप पुसला गेला. आरसिंकला शिव्या देऊ नका. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 साली तो लिहिला, तेव्हापासून तो सांगितलं तेच करतोय.

मला कळलं गुरुवारी. लॉग उघडला तर 'डिलीटिंग'ने सुरू होणाऱ्या ओळी, एकाखाली एक, 6,412. प्रत्येक ओळीत माझ्या हाताने टंकलेलं नाव. नॅस लगेच बंद केला, त्यातली एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि तीवर फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं साधन चालवलं. बऱ्याच फायली आल्या. पण फोटोरेक फाईल ओळखतं ती तिच्या आतल्या मजकुरावरून, नाव त्याला सापडत नाही. सगळे फोटो 'एफ' आणि सात आकडे अशा नावांनी परत आले. म्हणजे लॉगमध्ये सगळी नावं आहेत, फोल्डरमध्ये बहुतेक सगळे फोटो आहेत आणि कुठलं नाव कुठल्या फोटोचं याचा पत्ता नाही. नावांना अनुक्रमांक द्यायची बुद्धी मला झाली नव्हती. आतापर्यंत 2,300 च्या आसपास जुळवलेत. आप्पांना पुन्हा विचारलं तर फोटो जवळ धरतात, लांब धरतात आणि म्हणतात, "असेल कोणीतरी."

म्हणून तुम्हाला सांगते, नुसता वेग मागू नका. रेड हा बॅकअप नाही. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावं, एवढ्यासाठीच तो असतो. तुम्ही पुसाल ते तो दोन ठिकाणी पुसतो, व्हायरसने कुलूपबंद केलेली फाईल दोन ठिकाणी कुलूपबंद ठेवतो. (एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची पद्धत. नॅसवर तिची पहिली आवृत्ती अजून चालू असेल तर आजच बंद करा. मे 2017 मध्ये फायली कुलूपबंद करणारं वॉनाक्राय त्याच वाटेने पसरलं.)

डिलीट लावायचंच असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तपासा की डिस्क खरंच माउंट आहे का. 'माउंटपॉइंट' नावाची कमांड त्यासाठीच आहे. किंवा डिस्कवर एक खुणेची फाईल ठेवा, ती दिसली नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. सोबत मॅक्स-डिलीट लावा, म्हणजे एका रात्रीत पन्नासच्या वर फायली पुसायची वेळ आली तर तो पन्नासावर थांबेल. रोबोकॉपीवाल्यांनो, तुमचं 'मिर' हेच करतं, गाफील राहू नका.

त्याहून बरा म्हणजे आरसिंकचा लिंक-डेस्ट हा पर्याय. रोज तारखेच्या नावाचा नवा फोल्डर तयार होतो, न बदललेल्या फायलींना फक्त हार्ड लिंक (त्याच फायलीचं आणखी एक नाव) लागते, जागा खातात त्या बदललेल्याच. कालचा फोल्डर उघडा, कालचं सगळं जसंच्या तसं. यात एक खोट आहे: फोल्डरचं नाव बदललंत की आरसिंकला त्यातलं सगळं नवीन वाटतं आणि पुन्हा सगळं जातं. तुम्ही वारंवार फोल्डर हलवत असाल तर रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं वापरा. ते फायलीचे तुकडे करून तेच तुकडे दुसऱ्यांदा साठवत नाहीत, नाव काहीही असो. मात्र रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेला असं समजा, तिथे मागचं दार नाही. नॅसच्या डिस्क बीटीआरएफएस किंवा झेडएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतील तर वर रोजचे स्नॅपशॉटही (त्या क्षणी फायली जशा होत्या तशा जपणाऱ्या नोंदी) चालू करा. आमच्या नॅसवर ती सोय होती. दादाने "जागा खातात" म्हणून बंद ठेवली होती.

आणि फोटोंबद्दलची माहिती फायलीच्या नावात ठेवू नका. फोटोच्या आत, आयपीटीसी कॅप्शनमध्ये लिहा. माझी नावं तिथे असती तर फोटोंबरोबरच परत आली असती.

दादाचं म्हणणं आजही हेच की डिस्क मी हलवली असणार. मी हलवली नाही. आणि हलवली असती तरी, यूएसबी केबल सैल झाल्यावर दीड वर्षाचं काम पुसणारी स्क्रिप्ट कोणी लिहिली? हो, एक कबूल करते. ती डिस्क तीन आठवडे आधीपासून स्मार्टचे (डिस्कची तब्येत तपासणाऱ्या तिच्यातल्याच सोयीचे) इशारे देत होती, रोज सकाळी मेल येत होता, आणि मी तो मेल फिल्टर लावून एका फोल्डरात टाकला होता जो मी कधी उघडत नव्हते. ही चूक माझी. पण डिलीटची ओळ त्याचीच.

3-2-1 चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. तो रूढ केला पीटर क्रोग यांनी, तेही फोटोग्राफरच. आमची घराबाहेरची डिस्क दादाकडे असते, त्याच्या कपाटात, कशालाही न जोडलेली. महिन्यातून एकदा इकडे आणायची, ताजी करायची आणि सहज म्हणून दहा-वीस फायली उघडून बघायच्या, असं ठरलंय. दादा, हे वाचत असशील तर सात आठवडे झालेत. रविवारी घेऊन ये.